अपेक्षित उत्पन्न

२७ मार्च, रात्री

अमेरिकेत लेखनातली एमएफए ही पदव्युत्तर पदवी घ्यायची, त्यासाठीच्या कर्जाच्या अर्जात एक रकाना होता: अभ्यासक्रमानंतर अपेक्षित मासिक उत्पन्न. बँकेतल्या मॅडम चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या. बाबा शेजारी बसून माझ्या पेनाकडे बघत होते. मला काही लिहिता आलं नाही. घरी जाऊन भरते म्हटलं आणि उठले. तेव्हापासून जेवण नीट गेलेलं नाही.

माहिती नव्हती असं नाही. एमएफए स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसत नाही, म्हणजे पदवीनंतर ओपीटीचं, तिथे काम करायच्या परवानगीचं, एकच वर्ष. कॉलेजात लेखन शिकवायचं तर पदवीपेक्षा नावावर पुस्तक आहे का ते आधी बघतात. ताईने हे सगळं जानेवारीतच सांगितलं होतं. तेव्हा आमचं जे झालं ते आता उगाळायला नको.

जिथे प्रवेश मिळालाय तिथे अर्धी फी माफ होऊनही दोन वर्षांचा खर्च ८० लाखांच्या घरात जातो. एवढ्या कर्जाला तारण लागतं, म्हणून घर. 'सिटी सर्व्हेचा उतारा काढून आणतो,' एवढंच बाबा म्हणाले. काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जिथे मनापासून जायचंय तिथे प्रतीक्षा यादीत आहे. तिथे फी पूर्ण माफ, वर पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवायचं आणि त्याचे पैसे मिळतात. अशा जागांचा होकार-नकार बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो, त्यामुळे यादी हललीच तर त्या सुमारास हलेल.

पण मला तिथे नेमकं काय हवंय? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ पासून हे लेखनाचं शिक्षण चालू आहे, आणि पुढे इतरांनीही साधारण तीच रीत उचलली. दहा-बारा जण टेबलाभोवती बसतात. तुमची कथा सगळ्यांनी आधी वाचून, खुणा करून आणलेली असते. ते बोलतात, तुम्ही गप्प बसून ऐकायचं. लोकांना याची धास्ती वाटते म्हणे. मला हाव वाटते. इथे दिवाळी अंकाला कथा पाठवली की ती छापून येते, नाहीतर साभार परत. कित्येकदा तेही नाही. छापून आलेली कथा मधल्या दोन पानांत ढिली पडते, हे आजवर मला एकाही माणसाने सांगितलेलं नाही. कुणीतरी सांगावं, एवढंच मागतेय मी.

काका दर वेळी नारायण सुर्व्यांचं नाव काढतात. गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले, १९६६ च्या संग्रहाला नावच दिलं 'माझे विद्यापीठ'. मान्य. पण त्यांच्याभोवती कामगार चळवळ होती, कविता समोर बसून ऐकणारी माणसं होती. माझ्याभोवती कोण आहे? दिलीप चित्रे १९७५ साली आयोवाला गेले ते मुळात कवी म्हणून, पदवीसाठी नव्हे. आणि मी तिथे आजीची वाक्यं इंग्रजीत घेऊन जाणार. ते वेगळंच दुखणं आहे, त्यावर आज नको.

इतकं लिहिल्यावर एक मात्र दिसतंय. मला वाचणारी माणसं हवी आहेत, आणि त्यांच्यासाठी बाबांचं घर गहाण पडणार आहे. त्या रकान्यात खरं उत्तर लिहायचं तर शून्य लिहावं लागेल. माझी दोन वर्षं मी शून्यावर खुशाल लावीन. त्यांचं घर नाही लावणार.

हे लिहिलं आणि श्वास जरा मोकळा झाला.

म्हणजे १५ एप्रिलची वाट बघायची. यादी हलली तर बॅग भरायची, दुसरा विचार नाही. नाही हलली तर डिसेंबरात पुन्हा अर्ज, फक्त पूर्ण फी माफ असलेल्या ठिकाणी. उताऱ्यासाठी निघायच्या आधी बाबांना सकाळीच सांगायला हवं. चिडतील. 'मी बसलोय ना' म्हणतील. म्हणू देत.

आणि पुण्याच्या शिबिरातल्या त्या तिघांना विचारायचं, महिन्यातून एकदा बसूया का. नियम तोच, ज्याची कथा त्याने बोलायचं नाही. दोघी लगेच हो म्हणतील. तिसऱ्याला गप्प बसणं जड जाईल, पण तो ओळ न ओळ वाचतो. पहिली कथा त्यालाच पाठवते.