काखेखालून घेतलेला बेल्ट

आईच्या उजव्या बरगड्या आता दुखत नाहीत. पण झोपेत कूस बदलताना तिचा हात अजून तिथे जातो. दिवाळीसाठी मी नाशिकला आलेय, गंगापूर रोडच्या घरात तिच्याच खोलीत झोपते, म्हणून मला ते दिसतं. स्टुटगार्टला परत जाण्याआधी ऑगस्टमधला तो दिवस लिहून काढायचाय. फोनवर सगळ्यांना "काही नाही, किरकोळ लागलं" एवढंच सांगितलं होतं. ते खरं नव्हतं.

आई-बाबा जुलैत पहिल्यांदाच आमच्याकडे आले. बाबांची नोकरी सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये झाली. ज्या कंपनीसाठी त्यांनी अख्खी हयात पाळ्या केल्या, तिचं मुख्यालय माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, गेर्लिंगेनला. तिथे गेटसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला, तो आता दिवाणखान्यात लागलाय. एबीएस ब्रेक १९७८ साली बॉशने मर्सिडीजच्या गाडीत बसवले, हे ते माझ्या सहा वर्षांच्या मुलीला दोनदा सांगून झाले होते.

त्या शनिवारी आम्ही फ्युसेनजवळचा नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायला निघालो. नवऱ्याला काम होतं. गाडी मी चालवत होते, शेजारी बाबा, माझ्या मागे मुलगी तिच्या चाइल्ड सीटमध्ये, बाबांच्या मागे आई. जर्मनीत मूल बारा वर्षांचं किंवा दीड मीटर उंच होईपर्यंत वेगळी सीट लागते, आणि मुलीला त्याची एवढी सवय की "आजी, क्लिक" म्हटल्याशिवाय तिने मला गाडी काढू दिली नाही. आईने बेल्ट लावला.

स्टुटगार्टहून उल्मकडे जाताना ए-आठ महामार्ग डोंगर चढतो. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. बाबा म्हणाले, "अगं, हा तर आपला कसारा घाट!" आईने मागून थालीपीठ पुढे केलं. ते देताना खांद्यावरचा पट्टा गळ्याला घासायला लागला, म्हणून तिने तो काखेखालून घेतला. मी आरशात पाहिलं. वाटलं, सांगावं. पण सकाळपासून "आई हे नको, आई ते नको" चाललं होतं आणि ती इतकी आनंदात होती, की मी गप्प बसले.

उल्मनंतर आम्ही ए-सातला लागलो. पुढे रस्त्याचं काम होतं, रांग लागली. मी ब्रेक मारला, धोक्याचे दिवे लावले. इथे रांगेच्या शेपटाला असलेले ते लावतात, मागच्याला लांबून कळावं म्हणून. मागच्या व्हॅनवाल्याला ते दिसले नाहीत. त्याने आम्हाला ठोकलं आणि आमची गाडी पुढच्या गाडीवर जाऊन आदळली. दोन धक्के. पहिल्यात मान मागे, दुसऱ्यात सगळं पुढे. मग कोथिंबिरीचा वास. डबा फुटून थालीपिठं डॅशबोर्डपर्यंत आली होती.

मुलगी रडत होती, म्हणजे ठीक होती. आई रडत नव्हती. तिला श्वास घेता येत नव्हता.

बाबा एकच ओरडत होते, "उतरा, आधी उतरा, पेट घेईल!" ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला औरंगाबाद रोडवर, मिरची चौकात पहाटे खासगी बस पेटली आणि बारा जण गेले. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या गटात कित्येक दिवस तोच विषय होता. त्या क्षणी ते जर्मनीत नव्हतेच, मिरची चौकात होते.

कोणी काय केलं, ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बाजूच्या लेनमधल्या ट्रकचा चालक पोलिश होता. पिवळं जॅकेट घालूनच तो उतरला. त्याने ११२ लावला आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाटीवरचा आकडा वाचून सांगितला. त्या पाट्या दर ५०० मीटरला असतात. आम्हाला त्याने कठड्यापलीकडे गवतात नेलं, गाडीजवळ थांबू दिलं नाही. एक बाई लाल त्रिकोण घेऊन मागे चालत गेली, किती लांब ते मला दिसेनासं झालं. तिसऱ्याने प्रथमोपचाराच्या पेटीतली चकचकीत पन्नी आईभोवती गुंडाळली. मिठाईच्या वर्खासारखी ती पन्नी, त्यात पातळ नेसलेली माझी आई, आणि शेजारी गुडघ्यावर बसलेला तो ट्रकवाला. ती त्याला मराठीत सांगत होती, "इथे, इथे दुखतंय बाबा." तो पोलिशमध्ये काहीतरी म्हणत होता. दोघांना एकमेकांचं कळत होतं.

या लोकांना काय करायचं ते माहीत होतं, याचं कारण साधं आहे. इथे लायसन्ससाठी प्रथमोपचाराचा नऊ तासिकांचा वर्ग सक्तीचा आहे. त्रिकोण, जॅकेट, पेटी गाडीत ठेवावीच लागते. आणि मदत करणं शक्य असून न करणं हा गुन्हा आहे. मीही तो वर्ग केला होता. त्या दिवशी मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. त्यांना आठवलं.

मग मी मागे पाहिलं. दोन लेनमध्ये खचाखच उभ्या असलेल्या गाड्या बाजूला सरकून होत्या. डावीकडच्या अगदी डाव्या कडेला, उजवीकडच्या अगदी उजव्या. मधोमध रिकामी वाट. याला रेटुंग्सगासं म्हणतात, वाचवायची गल्ली. रांग थांबायला लागली की ती करायचीच, सायरन ऐकू येण्याची वाट पाहायची नाही. न करणाऱ्याला किमान २०० युरो दंड आहे. त्या वाटेने रुग्णवाहिका थेट आमच्यापर्यंत आली.

मला नाशिकचा द्वारका चौक आठवला. तिथे सायरन ओरडत असतो आणि पुढच्या रिक्षाला सरकायलाच जागा नसते. पण एक सांगते, आपल्याला हे येत नाही असं मला वाटत नाही. विसर्जन मिरवणुकीत, ढोल वाजत असताना, रुग्णवाहिका आली की तीच गर्दी कशी दुभंगते ते मी लहानपणी मेन रोडवर पाहिलंय. पायी असताना आपण वाट देतो. स्टिअरिंग हातात आलं की तेच आपण एकेक इंच धरून बसतो. मला याचं फार वाईट वाटतं.

मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीतीही आता धरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं, जखमीला मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलंय. हे बाबांच्या गटात सांगितलं तर निम्म्यांना माहीत नव्हतं.

दवाखान्यात कळलं, दोन बरगड्या मोडल्यात, फुप्फुस वाचलंय. डॉक्टरीण बाईंनी आईच्या अंगावरचा निळा वळ बघितला आणि मला विचारलं, पट्टा हाताखालून होता का? मी हो म्हटलं. त्यांनी समजावलं: पट्टा खांद्यावरून गेला तर झटका गळपट्टीच्या हाडावर आणि छातीच्या मधल्या हाडावर येतो, कमरेच्या पट्ट्याचा कटीच्या हाडावर. ही दणकट हाडं. काखेखालून घेतला तर सगळा जोर बरगड्यांवर आणि पोटावर, आत यकृत. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ज्यांचे आई-बाबा परदेशी येणार आहेत त्यांच्यासाठी एक: शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, तो काढलेला असतो. पण तो कागद माझ्या ईमेलमध्ये होता आणि माझा फोन सीटखाली पडला होता. छापील प्रत त्यांच्या पर्समध्ये ठेवा, पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर.

आईने तिथे गवतात बसूनच सप्तशृंगीला नवस बोलला होता. परवा आम्ही गडावर जाणार आहोत. काल बाबांच्या वॅगन-आरमध्ये मागे बसून बघितलं, तर बेल्ट होते, बकल नव्हते. सीट कव्हर बसवणाऱ्याने ते खाली दाबून टाकले होते. घरातले सगळे त्या गाडीत मागे बसून इतकी वर्षं लग्नांना, त्र्यंबकला, शिर्डीला गेलो.

आज सकाळी बाबा कात्री घेऊन पार्किंगमध्ये उतरले. तासभर लागला. कव्हरला चिरा पाडून त्यांनी तिन्ही बकल वर काढले, एकात अडकलेला शेंगदाण्याचा तुकडा सुईने टोकरून काढला. मग आईला हाक मारली. ती आली, मागे बसली, पट्टा ओढून घेतला. पदर आत घ्यायचा की बाहेर, हे दोनदा करून पाहिलं. पट्टा खांद्यावर ठेवून तिने मुलीकडे बघितलं आणि थांबली.

"आजी, क्लिक," मुलगी म्हणाली.