कोलांटउडी

काल संध्याकाळी माळावर अण्णा म्हणाले, "जमलं की गं तुला." या चार शब्दांची मी दोन वर्षे वाट पाहत होते, आणि ते कानांवर पडल्यापासून मला धड झोप लागलेली नाही.

कारण मला ते जमलेले नाही. रिमोटवर उडणाऱ्या माझ्या छोट्या हेलिकॉप्टरने कोलांटउडी मारली हे खरे आहे. वीसेक मीटर उंचीवर ते मागे कलले, पाठीवर आले, पुन्हा सरळ झाले आणि वर चढले. हे सगळ्यांनी पाहिले आणि मुक्ताने मोबाइलवर टिपूनही ठेवले. परंतु त्यातली पहिली अर्धी कोलांटउडी माझी होती आणि उरलेली अर्धी रेस्क्यूची, म्हणजे बटण दाबताच यंत्राला आपोआप सरळ करणाऱ्या सोयीची. हेलिकॉप्टर उलटे झाले त्याच क्षणी माझ्या डाव्या तर्जनीने ट्रान्समीटरच्या खांद्यावरचे बटण दाबले, तोल सांभाळणाऱ्या जायरोने ताबा घेतला, जवळच्या बाजूने यंत्र सरळ केले आणि पात्यांना पिच, म्हणजे कोन, देऊन ते वर उचलले. हे कुणाच्या लक्षात आले नाही, आणि मी कुणाला सांगितले नाही.

तो क्षण मी कालपासून पुन्हा पुन्हा मांडून पाहते आहे. आयडल-अपमध्ये, म्हणजे कसरतींच्या मोडमध्ये, डावी स्टिक मोटरचा वेग बदलत नाही. मुख्य पाती मिनिटाला 2800 फेऱ्यांवर कायम राहतात आणि स्टिक केवळ पात्यांचा कोन बदलते, वर अधिक 11 अंश, खाली उणे 11 अंश आणि मधोमध शून्य. मागची कोलांटउडी म्हणजे उजव्या अंगठ्याने एकच ओढ, आणि त्या ओढीच्या तालावर डाव्या अंगठ्याचा पूर्ण प्रवास: आधी थोडी चढण, हेलिकॉप्टर उभे ताठ झाले की शून्य (तिथे जराही पिच राहिली तर ते आडवे सरकते), पाठीवर आले की उणे पाच-सहा अंश, पुन्हा शून्य आणि शेवटी पुन्हा अधिक. हा सगळा कारभार सेकंद-दीड सेकंदात उरकतो. सिम्युलेटरवर मी हे 412 वेळा केले आहे. वहीत नोंद आहे. काल संध्याकाळी उजवा अंगठा बरोबर गेला, डावा अंगठाही बरोबर गेला, आणि तरीही तर्जनी हलली.

उलटे झाल्यावर नेमके काय होते, हे समोर उभे राहून पाहणाऱ्याला सांगणे अवघड आहे. वर जाण्यासाठी स्टिक खाली न्यायची असते, आणि एलिव्हेटर, म्हणजे उजवी स्टिक, मागे ओढला की यंत्र नाकाच्या दिशेने पुढे निघते. खरे हेलिकॉप्टर असे पाठीवर तरंगत राहत नाही. त्याच्या पात्यांना तेवढा उणा कोन दिलेलाच नसतो. हवाई दलाच्या सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरे एकमेकांच्या किती जवळून जातात हे पाहताना माझा श्वास अडकतो, पण तीसुद्धा पाठीवर स्थिर राहत नाहीत. शिवाय तिथला वैमानिक आत बसलेला असतो, आणि पट्टा खांद्यात रुतला की त्याचे शरीरच त्याला काय चालले आहे ते सांगते. माझे पाय मात्र जमिनीवर असतात, माझ्या शरीराला काहीच कळत नाही, आणि जे काही कळायचे ते दूर आकाशातल्या हातभर आकृतीवरून डोळ्यांनाच कळावे लागते. काल सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकला होता आणि हेलिकॉप्टर नुसते काळे दिसत होते. पिवळी कॅनोपी, म्हणजे नाकावरचे कवच, वर आहे की खाली, हे मला क्षणभर ओळखता आले नाही.

किमान मी असे समजत होते. आज दुपारी मुक्ताचे चित्रीकरण एकेक चौकट पुढे सरकवत पाहिले तेव्हा तोही आधार गेला. एका सेकंदाच्या तीस चौकटींच्या हिशेबाने हेलिकॉप्टर अकरा चौकटी उलटे आहे. त्या अकरा चौकटींत त्याच्या पात्यांची चकती क्षितिजाला समांतर आहे आणि ते स्वतःच्या लांबीइतकेही खाली आलेले नाही. म्हणजे माझ्या डाव्या अंगठ्याने दिलेली उणी पिच पुरेशी होती, हेलिकॉप्टर पाठीवर तोलून धरलेले होते, आणि ते मी धरलेले होते. त्यानंतर बाराव्या चौकटीत ते एकाएकी कुशीवर वळते. मागे सुरू झालेली कोलांटउडी कुशीवर संपली, म्हणूनच सरळ झाल्यावर त्याचे नाक माझ्याकडे होते. ती पूर्ण झाली असती तर शेपूट माझ्याकडे राहिली असती. मी घाईने रडरने ते फिरवून घेतले. माहीतगाराला एवढे पुरेसे आहे, पण अण्णांच्या डोळ्यांचे जे झाले आहे त्यानंतर त्यांना एवढ्या दुरून किती दिसते, हे मी त्यांना विचारत नाही.

अर्धा सेकंद आणखी थांबले असते तर ते चार शब्द माझे झाले असते. हे वाक्य मी आज कितीदा मनात म्हटले असेन. पुण्याच्या वेळीही असेच झाले होते, आणि त्याच्याही आधी. ते आता नको. प्रत्येक वेळी दार उघडायच्या बेतात असताना मी माघारी वळते आणि मग दार उघडले होते असे कुणीतरी नंतर सांगते. पहिले सहा महिने मी नुसते हवेत स्थिर धरायला शिकले, आधी शेपूट माझ्याकडे, मग कुशी, मग नाक माझ्याकडे. एवढे सगळे करून शेवटी हाती आली ती उसनी शाबासकी, या विचाराने दुपारी मी रडले.

संध्याकाळी पाती तपासायला बसले. मुख्य पाती 325 मिलिमीटरची आहेत. बोटाने कडा चाचपताना श्रावणातला तो दिवस आठवला, जेव्हा याच पात्यांच्या आधीच्या जोडीने हेलिकॉप्टरची स्वतःचीच शेपटीची नळी कापली होती आणि बाकीचा सांगाडा उसाच्या फडात गेला होता. मी आणि अण्णा अर्धा दिवस सरीसरीने शोधत होतो. फेदरिंग शाफ्ट वाकला होता, मुख्य गिअरचे दात गेले होते, एक सर्वो निकामी झाला होता. दुरुस्तीनंतर पंधरा दिवस अण्णांनी मला दुसरे काहीही करू दिले नाही. हेलिकॉप्टर उंच न्यायचे, मुद्दाम वाकडे करायचे आणि बटण दाबायचे. "आधी सुटायला शीक," ते म्हणाले होते. या पात्यांच्या टोकांचा वेग ताशी 380 किलोमीटरच्या घरात असतो, आणि मुक्ता काल माझ्या डावीकडे दहा पावलांवर उभी होती. जी तर्जनी काल हलली तिला मीच शिकवले होते, आणि ती नेमके शिकवल्याप्रमाणे वागली. डोळ्यांना दिसेनासे झाले की विचार न करता दाबायचे, असे ठरलेले होते, आणि मला खरोखरच दिसेनासे झाले होते. ते सुस्थितीत होते हे चौकटी मोजून आज कळले. काल उभ्या जागी कळण्याचा काही मार्ग नव्हता.

तेव्हा बटण दाबल्याचे दुःख आता उरलेले नाही. गप्प राहिल्याचे मात्र आहे. अण्णा ते शब्द बोलले तेव्हा मी "हो" म्हणाले होते, आणि तो "हो" अजून माझ्या तोंडात तसाच आहे. शिवाय त्या अकरा चौकटीही आहेत, ज्या निर्विवाद माझ्या आहेत आणि ज्यांच्याविषयी, सगळे सांगितल्याखेरीज, मला अण्णांना काहीच सांगता येणार नाही.

तीन बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आहेत. टायमर चार मिनिटांवर आहे आणि रेस्क्यूचे बटण जिथे आहे तिथेच राहील. उद्या सकाळी जायचे, म्हणजे सूर्य पाठीशी असेल आणि कॅनोपीचा पिवळा रंग दिसेल. पाठीवर आले की पुढची ओढ घेण्याआधी मी मोठ्याने "एक" म्हणणार आहे, तेवढा वेळ ते तिथे धरून ठेवायला. अण्णा नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या खांद्यामागे उभे असतील. ते विचारतील, काल तर मोजत नव्हतीस.