घेणे, देणे, नेणे

स्पॅनिशच्या वर्गात गृहपाठ म्हणून एक जुने इंग्रजी पत्र स्पॅनिशमध्ये उतरवायला मिळाले होते. पत्र जेमतेम पानभराचे होते आणि वरवर पाहता त्यात अडण्यासारखे काहीच नव्हते. भाषांतराला बसण्याआधी सगळा मजकूर पेन्सिल हातात धरून वाचायचा आणि जिथे खडा लागेल तिथे गोल करायचा, ही माझी जुनी खोड आहे. त्या दुपारी पान संपले तेव्हा नऊ गोल झाले होते आणि नऊच्या नऊ गोलांत एकच क्रियापद बसले होते, 'टेक'. पत्र लिहिणाऱ्याने गाडी, फेरफटका, डुलकी, फोटो, परीक्षा असे जे दिसेल ते 'घेतले' होते. शेवटचा गोल पत्राच्या अखेरच्या ओळींत होता. तो मी मुद्दामच मागे ठेवला.

'टेक' म्हणजे घेणे आणि घेणे म्हणजे 'तोमार', असे शब्दकोशाच्या पहिल्याच ओळीत दिलेले असते आणि नवशिक्याचा त्यावर विश्वासही बसतो. तो विश्वास फेरफटक्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. इंग्रज माणूस फेरफटका घेतो, स्पॅनिश माणूस तो देतो (दार उन पासेओ), आणि आपण मराठी माणसे तर फेरफटका चक्क मारतो. डुलकीचेही तसेच आहे. इंग्रजीत घेतली जाणारी डुलकी स्पॅनिशमध्ये टाकली जाते आणि मराठीत काढली जाते. एकच निरुपद्रवी झोप, पण तिच्यासाठी कुणी हात पुढे करतो, कुणी हात झटकतो, तर कुणी ती विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढावे तशी काढतो.

परीक्षेच्या गोलापाशी मात्र मी थांबले, कारण तिथे एक जुनी जखम होती. शाळेत असताना इंग्रजीच्या निबंधात मी 'आय गेव्ह द एक्झाम' असे वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. बाईंनी 'गेव्ह'वर लाल शाईची आडवी रेघ मारली आणि वर 'टुक' असे लिहिले. मी वही घेऊन टेबलापाशी गेले आणि म्हटले, "बाई, परीक्षा तर तुम्ही घेता, आम्ही देतो." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "इंग्रजीत तुम्हीच घेता." अर्धा गुण गेला तो गेलाच. पुढे कित्येक वर्षे, परीक्षेला बसणारा मनुष्य परीक्षा 'घेतो' हे मी बरोबर लिहीत आले, पण मला ते एकदाही पटले नाही. घाम आपला, रात्रीची जागरणे आपली, पोटातला गोळा आपला आणि घेणारेही आपणच, हा कुठला न्याय!

स्पॅनिशने मला तो अर्धा गुण परत दिला, निदान दक्षिण अमेरिकेपुरता. स्पेनमधला विद्यार्थी परीक्षा 'करतो' आणि मेक्सिकोतला ती 'सादर करतो'. अर्जेंटिनाकडे 'रेंदिर' हे क्रियापद वापरतात, आणि ते ज्या लॅटिन शब्दापासून आले त्याचा अर्थच परत देणे असा आहे. चिली आणि पेरूमध्ये तर सरळ 'दार' म्हणतात, म्हणजे देणे. हा 'दार' लॅटिनमधल्या 'दारे'चा मुलगा आणि आपले 'देणे' संस्कृतातल्या 'दा' धातूचे, तेव्हा दोघांचे मूळ एकच. इतक्या दूरच्या खंडातली मुले शब्दशः माझ्यासारखी परीक्षा देतात हे कळले त्या दिवशी त्या लाल रेघेची आठवण येऊन मला फार बरे वाटले. बाईंना कळवावेसे वाटले, पण कळवले नाही.

फोटोच्या गोलाने तर मला अर्धा तास खिळवून ठेवले. फोटो घेण्यासाठी स्पॅनिशमध्ये 'तोमार' चालते, स्पेनमध्ये फोटो 'करतात'ही, पण ठिकठिकाणी ऐकू येणारे क्रियापद 'साकार' हे आहे. उच्चार ऐकून मराठी कान आधीच टवकारतात, आणि अर्थ समजल्यावर तर हसूच येते, कारण 'साकार' म्हणजे काढणे, बाहेर काढणे. 'साकार उना फोतो' म्हणजे फोटो काढणे. हा योगायोग असेल म्हणून सोडून द्यावे, तर पुढे रांगच लागते. दाढ काढणे, जीभ बाहेर काढणे, बँकेतून पैसे काढणे, प्रवासाचे तिकीट काढणे, चांगले मार्क काढणे आणि या सगळ्यांतून शेवटी निष्कर्ष काढणे, या प्रत्येक ठिकाणी 'साकार' बसतो. इंग्रजीला यांतल्या बहुतेक कामांसाठी दर वेळी नवे क्रियापद शोधावे लागते. वर्गात इतर जण याद्या पाठ करत असताना मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य आधी मराठीत आणायची आणि मग स्पॅनिशकडे वळायची. हा द्राविडी प्राणायाम मी कुणाला सांगितला नाही, पण उत्तरे बरोबर येत होती.

एकदा ही चटक लागली की गोलांबाहेरची उदाहरणेही दिसू लागतात. थट्टा करताना इंग्रज माणूस समोरच्याचा पाय ओढतो. स्पॅनिश माणूस त्याचे केस घेतो (तोमार एल पेलो) आणि आपण फिरकी घेतो. नेमके इथे, जिथे इंग्रजीला 'टेक' सुचले नाही, तिथे आम्ही दोघांनी घेतले. त्याहून गमतीचे म्हणजे लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही तोमार करता का?' असे नुसते विचारले, तर काय घेता हे कुणी विचारत बसत नाही. आपल्याकडे 'तुम्ही घेता का?' या प्रश्नात जी वस्तू न बोलता येऊन बसते, तीच तिथेही बसलेली असते. मूल कुणासारखे दिसते हे सांगतानाही तसेच. आपल्याकडे मूल आईवर जाते, त्यांच्याकडे ते आईकडे 'निघते'. इंग्रजीत ते आईच्या मागून 'घेते', म्हणजे काय घेते ते इंग्रजीलाच ठाऊक.

गाडीचा गोल मी भीतभीतच सोडवला. स्पेनमध्ये गाडी पकडण्यासाठी 'कोखेर' हा अगदी घरगुती शब्द आहे, पण तोच शब्द मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात उच्चारला तर ऐकणाऱ्यांना जे ऐकू येते ते इथे लिहिण्यासारखे नाही. मी 'तोमार' लिहून मोकळी झाले. 'टेक फॉर ग्रांटेड'ला आपण गृहीत धरतो, म्हणजे घेतलेलेच पुन्हा धरतो. स्पॅनिश माणूस मात्र ती गोष्ट 'बसलेली आहे' असे समजून देऊन टाकतो (दार पोर सेन्तादो). वेळ लागण्याला 'तार्दार' हे वेगळेच क्रियापद आहे. तो गोल आपोआप सुटला.

या 'टेक'ची भूक पहिल्यापासूनची आहे. तो मूळचा इंग्रजीचा नव्हेच. इंग्लंडमध्ये येऊन राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून तो आला आणि घेण्यासाठी तिथे आधीपासून असलेला 'निमान' हा शब्द त्याने हळूहळू गिळून टाकला. जर्मनमध्ये त्या शब्दाचा भाऊ अजून रोज कामावर जातो. इंग्रजीत त्याची एक खूण 'नम' या शब्दात उरली आहे. नम म्हणजे बधिर, आणि मुळात त्याचा अर्थ 'घेतला गेलेला' असा होता.

आठ गोल झाल्यावर नवव्याला सामोरे जाणे भागच होते. वाक्य चारच शब्दांचे होते, 'द विंटर टुक हर'. पत्र लिहिणारा आपल्या बहिणीविषयी लिहीत होता, त्यात तिचे नावसुद्धा नव्हते. इथे 'तोमार' चालत नाही, 'साकार' नाही, 'दार' तर नाहीच. या वेळी मला शब्दकोश उघडावा लागला नाही, कारण मराठी वाक्य आधीच येऊन उभे होते, 'थंडीने तिला नेले'. स्पॅनिशमध्ये नेणे म्हणजे 'येबार', बोलणाऱ्यापासून दूर घेऊन जाणे. 'से ला येबो एल इन्बिएर्नो', असे मी लिहिले आणि त्यात काही बदलावेसे वाटले नाही. नेण्याच्या उलट आणणे असते, आणि 'येबार'च्या उलट 'त्राएर'. दोन्ही क्रियापदे गेल्याच आठवड्यात आम्ही जोडीने शिकलो होतो. त्या पानावर 'त्राएर' एकदाही लागला नाही.