उभे कॅक्टस आणि कडाक्याची थंडी

उंच खांबासारखे वाढणारे कॅक्टस थंडीने मरतात असं सगळे म्हणतात, पण खरं सांगू का, जास्त करून ते थंडी आणि ओली माती एकत्र आली की मरतात, मुळं सडतात आणि वरून महिनाभर काही कळतही नाही. बोलिव्हियाच्या डोंगरातला सिल्व्हर टॉर्च कोरडा ठेवला तर शून्याखालीही तग धरतो, ब्राझीलचा निळा पिलोसोसेरियस मात्र फार नाजूक, त्याला १० अंशांच्या खाली नेऊच नका.

बाकीच्यांना हिवाळ्यात ५ ते १० अंशांची उजेडाची जागा द्या आणि पाणी जवळपास बंद. थोडा सुरकुतला तरी चालतं, घाबरून पाणी घालू नका प्लीज! हीटरच्या खोलीत अंधारात ठेवला तर तो झोपत नाही, वाढत राहतो आणि शेंडा पेन्सिलसारखा बारीक, फिकट होतो. ती बारीक मान नंतर नीट जाड होत नाही, वरचा भाग मात्र जड होतो आणि मग तिथूनच मोडतो. त्यापेक्षा थंडच बरा.

उन्हाळ्याकडे बाहेर काढताना एकदम कडक उन्हात नको, दोनेक आठवडे सावलीत, कारण भाजल्याचा डाग कायमचा राहतो.