हाफ-लाइफ 2 मधला किनारा

हाफ-लाइफ 2 या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की सगळे त्यातल्या रेव्हनहोम या भागावर येतात. अंधारं गाव, छपरांवरून झेपावणारे झॉम्बी, ग्रॅव्हिटी गनने, म्हणजे वस्तू उचलून भिरकावणाऱ्या बंदुकीने, फेकलेली करवतीची पाती. मलाही तो भाग आवडतो, पण मी हा गेम पुन्हा पुन्हा लावते तो त्याच्या पुढच्या भागासाठी. खाणीतून आणि रेल्वे यार्डातून बाहेर पडलं की 'हायवे 17' हा टप्पा सुरू होतो आणि आपण ज्याच्या रूपात खेळतो तो गॉर्डन फ्रीमन समुद्राकाठी येतो.

आमच्याकडे हर्णैला 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या, बंदरावर लिलाव नाही, बाहेर पाऊस. माझं खेळणं होतं ते याच दिवसांत. लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून दर थोड्या वेळाने एफ 6 दाबून सेव्ह करायची सवय लागली आहे.

हायवे 17 च्या सुरुवातीला क्रेन तुम्हाला बग्गीसकट खाली किनाऱ्यावर सोडते आणि बग्गी उलटी पडते. ग्रॅव्हिटी गनने तिला सरळ करायचं आणि निघायचं. मग दिसायला लागतात धक्के. लाकडी खांबांवर उभे, आणि त्यांच्याखाली पाणीच नाही. होड्या कुशीवर पडलेल्या. समुद्र दिसतो, पण पार तिकडे, खाली.

बाबा अनेक वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. गेमशी त्यांना काही देणंघेणं नाही, पण एका रात्री चहाचा कप घेऊन मागे उभे होते. मी म्हटलं, "बघा, सुकती आहे." सुकती म्हणजे ओहोटी. ते वाकून बघत राहिले.

"अगो, ही सुकती नाय. सुकतीला चिखल ओला राहतो. ही वाळू बघ कशी कोरडी ठणठणीत. इथलं पाणी गेलंय."

एवढं बोलून ते झोपायला गेले. त्यांना कुणी कथा सांगितलेली नव्हती. कम्बाइन नावाच्या परक्या सत्तेने सात तासांच्या युद्धात पृथ्वी घेतली, आता ती पृथ्वी उपसते आहे, त्यात समुद्रही आला. या किनाऱ्यावर कुणी थांबून हे समजावत नाही. अख्खा गेम गॉर्डनच्या डोळ्यांनी दिसतो, मध्ये एकही सिनेमासारखा तुकडा नाही, आणि गॉर्डन तर बोलतच नाही. जे कळायचं ते बघून कळतं. बाबांना ते मिनिटभरात कळलं, याचं सगळं श्रेय हा किनारा रचणाऱ्यांना.

एखाद्या गेमचा दुसरा भाग कसा असावा, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर इथेच आहे. पहिला हाफ-लाइफ 1998 चा, जवळजवळ सगळा न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या ब्लॅक मेसा या प्रयोगशाळेत घडणारा. एक प्रयोग बिघडतो आणि दुसऱ्या जगाचं दार उघडतं. 2004 मध्ये पुढचा भाग आला तेव्हा तो बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीला नुसत्या नव्या बंदुका आणि नवे राक्षस देऊनही भागवता आलं असतं. त्यांनी त्या प्रयोगाची किंमत दाखवली: आधी कम्बाइनच्या ताब्यातलं सिटी 17 हे शहर, मग हा सोडून गेलेला किनारा. सिटी 17 ज्याच्या नजरेतून उभं राहिलं तो कला-दिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह बल्गेरियातल्या सोफियात जन्मलेला. त्या शहरातले जिने, ट्रामच्या तारा, इमारतींचे पडलेले गिलावे बघितले की इथे कुणीतरी खरोखर राहिलेलं आहे असं वाटतं. 2025 मध्ये तो गेला, याचं मला फार वाईट वाटलं.

उरलेल्या समुद्रात उतरायची सोय नाही. थोडं खोल गेलं की जळवा तुटून पडतात आणि क्षणात खेळ खलास. नकाशाची हद्द राखायला केलेली ही युक्ती, हे मला ठाऊक आहे. तरी किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ती लागते. समोर पाणी, आणि त्यात पाय घालायचा नाही.

पुढच्या 'सँडट्रॅप्स' या टप्प्यात वाळूही परकी होते. पाऊल टेकलं की खालून अँटलायन नावाचे मोठे किडे उसळतात. मग फळ्या, पत्रे, लाकडी तराफे ग्रॅव्हिटी गनने उचलून पुढे टाकायचे आणि एकावरून दुसऱ्यावर जायचं. गेम ज्यावर चालतो त्या सोर्स इंजिनातलं वस्तूंचं वजन, कलणं, घसरणं इथे खरं कामाला येतं: टोकावर उभं राहिलं की फळी तिरकी होते. मी दोनच मोठ्या फळ्या घेते, मागची उचलून पुढे, पुन्हा मागची. वेळ लागतो, पण त्या वेळात मान वर करून आजूबाजूला बघता येतं. नंतर बगबेट, म्हणजे या किड्यांना वश करणारं आमिष, हाती येतं आणि तेच अँटलायन तुमच्या मागे चालू लागतात. वाळूवर मोकळं धावता येतं तेव्हा मी दर वेळी थोडी उगाचच धावते.

नोव्हेंबर 2024 मध्ये विसाव्या वर्षानिमित्त आलेल्या अपडेटमध्ये बनवणाऱ्यांची कॉमेंटरी घातली आहे. ती जरूर ऐका, पण पहिल्या वेळी बंद ठेवा. आणि हायवे 17 वर बग्गी सुसाट हाकू नका. टर्बो मारत गेलात तर सगळं लवकर उरकतं आणि हातात फक्त गोळीबार उरतो. वाटेतल्या प्रत्येक घराशी उतरा. गोळ्या आणि औषधं मिळतील ती मिळतीलच. आधी खिडकीतून बाहेर बघा, आणि त्या घरातून पूर्वी समुद्र कुठवर दिसत असेल याचा अंदाज घ्या.