जांबोटीच्या ‘जंगली हॉलीहॉक’ला शेवटी बोंड लागलं

मिळालं एकदाचं! बेळगावजवळच्या जांबोटी रस्त्याकडेचं ते पिवळं फूल, मधे गडद मरून डोळा, ज्याला बरेच जण जंगली हॉलीहॉक म्हणतायत, त्याचं बोंड हातात आलंय. गवत कापणाऱ्यांच्या तडाख्यातून एवढं एकच झाड वाचलं होतं, बाकी सगळी बोंड धरायच्या आतच भुईसपाट.

हॉलीहॉकचा विषय कॅलिक्स, म्हणजे फुलाच्या बुडाचा हिरवा पेला, बघितला की संपतोच. इथं फूल उमलताना कॅलिक्स एका बाजूनं फाटतो आणि पाकळ्यांबरोबरच गळून जातो, म्हणजे अबेलमॉस्कस, भेंडीचं घराणं. हॉलीहॉकचा कॅलिक्स फळाला धरून बसतो आणि फळ चकतीसारखं, सुटे भाग होऊन मोकळं होणारं. आपल्याकडं पाच कडांचं उभं बोंड आहे.

घोडं अडलं होतं ते पुढं, या घराण्यातल्या दोन रानटी बहिणी, कस्तुरी भेंडी की मॅनिहॉट? फुलं दोघींची पिवळी, डोळा तसाच, आणि पानावर तर अजिबात जाऊ नका, एकाच झाडावर खाली नुसती कोनांची पानं आणि वर बोटांसारखी चिरलेली. कुकच्या जुन्या बॉम्बे फ्लोरात, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या ग्रंथात, बघायला गेलात तर दोन्ही हिबिस्कसखाली सापडतील, तिथं गोंधळू नका. खरी किल्ली एपिकॅलिक्स, म्हणजे कॅलिक्सच्याही खाली असलेली छोटी हिरवी पाती. कस्तुरीची ही पाती सात ते दहा, अगदी अरुंद, रेघेसारखी. मॅनिहॉटची चार-पाच, कधी सहा, पण चांगली रुंद. भिंगाखाली बोंड फिरवून बघितलं, पाच! रुंद, टोकदार, कडेला ताठ केस, बोंडाच्या बुडाशी घट्ट चिकटलेली. मॅनिहॉटच, काय आनंद झाला म्हणून सांगू. बोंडावरची लव मात्र बोटाला टोचते, रुमालानं धरा.

भिंगाचं म्हणाल तर दहापटचं सराफी भिंग घ्या, ऑनलाइन मागवलेलं तीसपटवालं नुसतं धुरकट दिसतं.

आता चोर्ला घाटात जायचं ठरलं होतं, पण हे लिहितालिहिताच वाटायला लागलंय की आधी बैलहोंगलकडच्या काळ्या रानात जावं, तिथं याच घराण्यातली रानभेंडी, फिकुल्नियस शोधायची, पांढरं फूल नंतर गुलाबी होणारी. तिचा एपिकॅलिक्स लवकर गळतो, तेव्हा फोटो कळीचाच काढा, खालून, आणि त्या बाजूला कुणाचं शेत असेल तर बांधावरची रानभेंडी तेवढी ठेवा की.