कॅप्रॉक कूली: नॉर्थ डकोटाच्या मिश्र गवताळ रानातली बुटकी झुडपं

बिस्मार्ककडून आय-९४ महामार्गाने येणारे बहुतेक जण मेडोरा गावी उतरून थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यानाचा साउथ युनिट, म्हणजे दक्षिणेकडचा भाग, बघतात आणि परततात. झुडपांसाठी यायचं असेल तर यूएस-८५ महामार्गाने आणखी सुमारे ११० किलोमीटर उत्तरेला नॉर्थ युनिटला जा. घड्याळ सांभाळा: साउथ युनिट माउंटन वेळेवर चालतो, नॉर्थ युनिट सेंट्रल वेळेवर.

नॉर्थ युनिटमधल्या कॅप्रॉक कूलीची (कूली म्हणजे घळ) पायी फेरी जेमतेम ७ किलोमीटरची, पण घळ, उतार आणि पठार तिन्ही दाखवते. वर्षाला साधारण ३८ सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात झुडूप कुठे उगवणार हे ओलच ठरवते. म्हणून आधी जमिनीचा उतार बघा, झाडाचं नाव मागाहून.

खोलगट जागी, जिथे हिवाळ्यात बर्फ साठतं, तिथे वेस्टर्न स्नोबेरीची गुडघ्या-मांडीएवढी जाळी दिसेल. पानं समोरासमोर, जून-जुलैत घंटेसारखी फिकट गुलाबी फुलं, पुढे पांढरट फळांचे घोस. अख्खी जाळी बरेचदा एकाच झाडाची असते, कारण ते जमिनीखालच्या खोडांनी पसरतं. वणव्यात वरचा भाग जळला तरी तिथूनच पुन्हा फुटतं. जाळीच्या बुडाशी जरूर वाका: बहुतेक वेळा मूळच्या गवतांऐवजी बाहेरून आलेलं केंटकी ब्लूग्रास दाटलेलं असतं. या रानाचं खरं दुखणं ते आहे, आणि गाडीतून ते दिसत नाही.

उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर क्रीपिंग ज्युनिपरच्या चटया पसरलेल्या असतात. उंची फार तर वीतभर, दीड वीत. जळालं की हे झुडूप बुंध्यातून फुटत नाही, त्यामुळे अशा चटईवर पाय देऊ नका. नदीकाठच्या सपाटीवर रुपेरी सिल्व्हर सेजब्रश भेटतं, आपल्या दवण्याचं भावंड. पान न तोडता बोटांनी चोळा, वास हातावर राहतो.

सर्वांत जास्त गफलत तीन पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानाचे तीन छोटे भाग असलेल्या, झुडपांत होते. स्कंकबुशच्या मधल्या पर्णिकेला देठ जवळपास नसतो. पॉयझन आयव्हीच्या मधल्या पर्णिकेला लांब देठ असतो, आणि तिचा चीक लागला की अंगावर फोड येतात. शंका असेल तर हात लावूच नका. लागलाच तर लगेच साबणाने धुवा.

प्रत्येकी ३ लिटर पाणी घ्या, वाटेत मिळत नाही. मे-जूनमध्ये गोचिडांचा जोर असतो: पँट मोज्यात खोचा, परतल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत तपासा. बायसनपासून (अमेरिकेतला रानबैल) किमान २३ मीटर लांब राहा; जुलै-ऑगस्टमध्ये नर माजावर असतात, तेव्हा याहून लांब. पाऊस पडला तर फेरी पुढे ढकला. इथल्या मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते, ती ओली झाली की चांगल्या बुटांचीही पकड सुटते आणि कड्यालगतची वाट धोक्याची होते.